बाबांची बाविसावी विहीर

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकूण बावीस विहिरींच्या जागा दाखवल्या. वीस विहिरींना पाणी लागलं, एकविसावी कोरडी गेली, आणि बाविसावी भिलाईत आमच्या क्वार्टरच्या संडासामागे निघाली.

या बाविसाव्या विहिरीचं पाणी कोणी प्यायलं नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्यांच्या जिवाला घोर नको. बाकीचा गोंधळ सावकाश सांगेन. त्यात चूक कोणाची होती तेही सांगणार आहे, पण जरा आडवळणाने (चूक माझी होती).

भिलाई तेव्हा बांधून होत होती. आता जिथे सावली पडते तिथे त्या वेळी नुसता लाल मुरूम होता. दुपारी वारा सुटला की अख्खं गाव जमिनीवरून उठून हवेत जायचं आणि संध्याकाळी हळूहळू पुन्हा खाली बसायचं. आमच्या भातावर, उशांवर, देवांच्या फोटोंवर. तिकडे पोलादाच्या कारखान्याच्या बाजूला आभाळाची एक कड सदा लालसर असायची. नवीन माणसाला वाटायचं, सूर्य अजून मावळायचा आहे. तो मावळून तास झालेला असायचा.

मी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होतो. इंजिनिअर साहेबांनी काढलेल्या नकाशावर आरपार दिसणारा कागद ठेवायचा आणि शाईने रेघेवर रेघ ओढायची, एवढंच काम. डोकं चालवायची परवानगी नव्हती आणि मी हा नियम इमानदारीने पाळत होतो.

पण त्या कामात एक गुंगी होती. उन्हाळ्यात मी कागदावर एक रस्ता ओढायचो, शाई वाळावी म्हणून त्याच्यावर फुंकर घालायचो, आणि वर्षभराने त्याच रस्त्यावरून सायकलने घरी जायचो. जिथे फुंकर घातली होती तिथे वळण आलेलं असायचं. कागदावरच्या घराच्या खिडकीत मी मनातल्या मनात दिवा लावायचो, आणि एक दिवस त्या खिडकीत खरंच कोणाचीतरी बायको केस विंचरत उभी दिसायची. आपण नोकरी करून राहिलो की स्वप्न पाहून राहिलो, हे मला कधी कधी कळायचं नाही. (साहेबांना कळायचं.)

क्वार्टर जोडीजोडीने होते. एका भिंतीला पाठी लावून दोन घरं, एकमेकांची आरशातली रूपं. आमचा संडास उजवीकडे तर शेजारच्या रावांचा डावीकडे. राव आंध्राचे, रोलिंग मिलमध्ये होते. नकाशातही हाच सोपा हिशेब: एका घराचा कागद शाईने पुरा करायचा, मग तो उलटा करून त्याच्यावरून दुसरा काढायचा, की शेजारचं घर तयार. हे कागद उलटं करणं ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

आमच्या घरामागे एक उंबर आला होता. कोणी लावला नव्हता. पाखराने टाकला असेल. त्या मुरमात लोकांची लिंबं वाळली, रावांचा कढीपत्ता दोनदा मेला, आणि आमचा उंबर मात्र दोन वर्षांत छपराला लागला. पानं अशी तुकतुकीत की वाटावं, कोणी रोज तेल लावते. मी याचं श्रेय स्वतःकडे घेतलं होतं. चहाला आलेल्या माणसाला मी उंबरापर्यंत नेऊन माती हातात घ्यायचो, चोळायचो आणि म्हणायचो, "माती ओळखता आली पाहिजे." शेतकऱ्याचा मुलगा ना! माणूस माझ्याकडे आदराने पाहायचा. माझी बायको कुसुम आत कपबशा जरा जोरात आपटायची.

अशा वेळी बाबा गावाहून आले.

बाबा पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून अनवाणी चालायचं, आणि जिथे जमिनीखाली पाणी असेल तिथे नारळ उठून उभा राहतो, तिथे विहीर खणायची. आमच्या भागातली अर्धी शेतं त्यांच्या नारळावर पिकली. मग गणपत पाटलाच्या वावरात त्यांनी जागा दाखवली आणि तिथे तीस हातांवरही काळा दगडच निघाला. गणपत त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. तो चकार शब्द बोलला नाही. गावातही कोणी बोललं नाही. पण त्यानंतर बाबांनी नारळ हातात धरला नव्हता, आणि आई तर आधीच गेली होती. मी पत्र टाकून त्यांना बोलावून घेतलं. ते एक धोतरजोडा, एक पितळी लोटा आणि फार मोठी शांतता घेऊन आले.

पहिले चार दिवस बाबा व्हरांड्यात बसून समोरच्या घराकडे पाहत. समोरचं घर आमच्यासारखंच होतं, त्याच्या पुढचंही तसंच. पाचव्या दिवशी ते मागच्या दाराने बाहेर गेले आणि उंबरापाशी थबकले.

"दामू, हे झाड कोनं लावलं?"

मी माती ओळखण्याबद्दल सुरुवात करणार होतो, पण बाबांसमोर जमलं नाही. म्हणालो, "आपोआप आलं."

"आपोआप नाई येत. उंबर पान्याच्या मांडीवर बसते." ते खाली वाकले, तळवा जमिनीला लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. उठले तेव्हा चेहरा बदलला होता. कुसुमला हाक मारून म्हणाले, "बाई, घरात नारळ हाय का?"

नारळ होता. कुसुमने सुपेल्याच्या बाजारातून चतुर्थीसाठी आणून ठेवलेला. तिने तो पुसून मामाजींच्या (सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची) हातात दिला आणि आम्ही दोघं दारात उभे राहिलो. बाबांनी चपला काढल्या, डोळे अर्धवट मिटले आणि अंगणात चालू लागले. वर्षभराने हाताला जुनी सवय परत येत होती. नारळ थरथरत होता, की हात, ते कळत नव्हतं. उंबराच्या बुंध्यापासून दोन पावलांवर तो सावकाश उठला, जसं कोणी झोपेत नाव घेऊन हाक मारली. आणि उभा राहिला.

कुंपणापलीकडून राव पाहत होते. ते हात जोडून उभे राहिले.

बाबांनी पुढे दोन पावलं टाकली, नारळ उभाच. मागे आले, उभाच. रावांच्या कुंपणापासून मागच्या गल्लीपर्यंत नारळ काही बसेना. बाबा चकित झाले. म्हणाले, "असा झरा मी आजवर पाह्यला नाई, दामू. सरळ चालला. सुतानं आखल्यासारखा."

आणि मी, ज्याने जन्मभर सरळ रेघांशिवाय दुसरं काही ओढलं नव्हतं, तोंडात बोट घालून म्हणालो, "निसर्गाची कमाल आहे बाबा!"

त्या दिवसापासून बाबा बदलले. बाज त्यांनी उंबराखाली टाकली. दुपारभर तिच्यावर कुशीवर निजून, एक कान जमिनीकडे करून ते पाणी ऐकायचे. ऑफिसातून आल्यावर मीही शेजारी बसायचो. पानांतून ऊन गळायचं, दूर कुठेतरी लोखंडावर लोखंड पडल्याचा मऊ आवाज यायचा, आणि जमिनीखालून खरंच काहीतरी वाहायचं. हलकं, गुळगुळ करत, जसं कोणी पोटातल्या पोटात हसते. इतकं सुख मला त्या क्वार्टरात आधी कधी झालं नव्हतं.

"याचा एक नेम हाय," बाबांनी मला सांगितलं. "सकाळी पाच वाजता लय जोरात वाहते. मंग कमी होते. दुपारी एकदा पुन्हा येते."

मी विचारलं, असं का. बाबांनी खूप विचार करून सांगितलं, की मातीखालचं पाणी सूर्य उगवायच्या आधी जागं होतं. मला ते पटलं. पहाटे पाचला पहिल्या पाळीची माणसं आंघोळी करतात आणि दुपारी दुसऱ्या पाळीची, हे मला माहीत नव्हतं असं नाही. भोंगा तर माझ्याच कानाशी वाजायचा. पण एखादी गोष्ट सुंदर असली की मी तिच्यामागे जाऊन पाहत नाही. (लग्नाच्या वेळी कुसुमनेही हेच केलं असावं.)

पंधरा दिवसांनी आवाज मंदावला. बाबा अस्वस्थ झाले नाहीत. ते म्हणाले, "झरा दबून राहिला. जोर धरून राहिला. तीन दिवसांत वर येईल पाह्य."

तीन दिवस लागले नाहीत. दुसऱ्या दिवशीच तो वर आला, आमच्या न्हाणीघरात.

कुसुमने मला हाक मारली. ती ओरडली नाही. ती ओरडत नाही तेव्हाच घाबरायचं असतं. न्हाणीघरात घोट्याएवढं पाणी होतं आणि त्यात माझा दाढीचा ब्रश नावेसारखा फिरत होता. संडासात काय होतं ते मी लिहीत नाही. रावांकडेही तेच. त्यांच्या मागच्या घरातही तेच. आमच्या गल्लीतल्या आठ घरांचं सांडपाणी ज्या पाइपातून जायचं, तो कुठेतरी बुजला होता.

"अवो, तुमचंच खातं ना हे?" कुसुम म्हणाली. "नकाशे तर तुम्हीच काढता."

त्यामुळे तक्रार लिहायला मी जरा छाती काढूनच गेलो. मेंटेनन्सच्या ऑफिसातून बुधराम मिस्त्री आला. जवळच्याच गावचा, छत्तीसगढी माणूस, बोलायला थोडा, खांद्यावर कुदळ. त्याने संडासाची मागची भिंत पाहिली, उंबर पाहिला, उंबराची पानं बोटांत धरून पाहिली आणि म्हणाला, "साहब, भीत के पास ले खनथन. पाइप अपने आप मिल जाही."

भिंतीपासून खणत गेलं की पाइप आपोआप सापडेल, असं त्याचं म्हणणं. अडाणी माणूस! मी हसून त्याला विचारलं, मग नकाशे कशासाठी असतात? त्याने आणलेला नकाशा मी हातात घेतला, झटकून उघडला आणि बोट ठेवलं. पाइप घराच्या डाव्या अंगाने जात होता. डावीकडे कुसुमची भाजी होती.

पहिल्या दिवशी मेथी गेली. दुसऱ्या दिवशी वांगी. तिसऱ्या दिवशी भेंडीच्या ओळीतून बुधराम कमरेपर्यंत खाली उतरला आणि खाली मुरूम, मुरूम आणि फक्त मुरूम. कुसुम पायरीवर बसून एकेक उपटलेलं झाड टोपलीत भरत होती. मी म्हणालो, "थोडं अजून डावीकडे." बुधरामने घाम पुसला आणि नकाशाकडे पाहत विचारलं, "ये नक्सा कोन बनाए हे?"

नकाशाच्या कोपऱ्यात, 'काढणारा' या चौकटीत, माझ्या नावाची अक्षरं होती. मी तिथे अंगठा ठेवला आणि म्हणालो, "असेल कोणीतरी."

या सगळ्यात फक्त बाबा खूश होते. घरात, स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर संडास, ही गोष्ट त्यांना पहिल्यापासून किळसवाणी वाटायची. आता आम्ही सगळे लोटे घेऊन कारखान्याकडच्या माळावर जात होतो. रावांसारखा मोठ्या मिलचा माणूस बाबांच्या मागे लोटा घेऊन चालायचा आणि बाबा त्याला वाटेवरचं गवत दाखवायचे. माणसं पुन्हा माणसांसारखी जगून राहिली, असं ते एकदा म्हणाले.

झऱ्याचंही त्यांच्या मनात पक्कं होत गेलं. न्हाणीघरात आलेलं पाणी त्यांनी स्वतः पाहिलं नव्हतं (कुसुम कोणाला तिकडे जाऊ देत नव्हती), पण पाणी वर आलं, एवढं ऐकून त्यांनी मान हलवली. येत्या रविवारी उंबराशेजारी विहिरीची कुदळ मारायची, असं त्यांनी ठरवलं. बुधरामलाही सांगितलं. बुधराम त्यांना बबा, म्हणजे आजोबा, म्हणायचा. तो लगेच हो म्हणाला, इतक्या लगेच की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

शुक्रवारी सकाळी बाबांनी मला पोस्टकार्ड लिहायला बसवलं. बाबांना लिहिता येत नव्हतं. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. 'गणपतला नमस्कार. इथे जागा सापडली. चार हातांवर वाहतं पाणी आहे. रविवारी खणतो. माझा हात गेलेला नाही.' शेवटचं वाक्य त्यांनी मला परत वाचून दाखवायला लावलं. मी वाचलं. त्यांनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "टाकून दे पेटीत. याद ठेव."

मी याद ठेवली. जन्मात एकदा याद ठेवली ती त्या दिवशी. ऑफिसला जाताना कार्ड लाल पेटीत टाकलं आणि दोन तासांनी, पाइप का सापडेना ते पाहायला, कपाटातून आमच्या गल्लीचा मूळ कागद काढला. पाइप टाकणाऱ्यांनी साहेबांचा मूळ नकाशा पाहून काम केलं होतं. मेंटेनन्सच्या कपाटात गेलेली नक्कल माझी होती. मी मूळ कागद टेबलावर पसरला, त्यावर माझी नक्कल ठेवली. जुळेना. मग कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी माझा कागद पालथा केला. अख्खी गल्ली एकदम जागेवर बसली. घर घरावर, भिंत भिंतीवर, आणि पाइपची ती काळी सरळ रेघ, सुतानं आखल्यासारखी, रावांच्या कुंपणातून निघून आमच्या घराच्या उजव्या अंगाने, बरोबर उंबराखालून गेली.

खिडकीतून ऊन येत होतं. मी त्या रेघेवर बोट ठेवून बसलो. सूर्य उगवायच्या आधी जागं होणारं पाणी! आठ घरांच्या आंघोळी आणि आठ घरांचं बाकी सगळं. मी पंधरा दिवस त्याच्या शेजारी बसून डोळे मिटून ऐकलं होतं.

घरी येऊन मी कुसुमला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. माझा कागद उलटा पडला, हे ऐकून तिला काही नवल वाटलं नाही. मेथीचं नाव तिने काढलं नाही. पुढे बारा वर्षं काढलं, पण त्या दिवशी नाही. ती एवढंच म्हणाली, "मामाजीले आज सांगा. रविवारी लोकांसमोर कळन्यापेक्षा आज बरं."

शनिवारी चार वाजता मी चहाचे दोन कप घेऊन उंबराखाली गेलो. बाबा बाजेवर उठून बसले. मी म्हणालो, "बाबा, त्या झऱ्याबद्दल थोडं बोलायचं आहे." ते म्हणाले, आधी मले बोलू दे.

"तीस हात खनलं, दामू. मी रोज वर बसून राहो. टोपलं वर आलं का त्यात माती पाहो. ओली हाय का पाहो. गनपत म्हने, बापू, अजून एक हात. अन् मंग एक दिवस तो म्हनलाच नाई. गप उठला न् घरी गेला." बाबांनी चहा खाली ठेवला. "शिवी दिली असती तं बरं झालं असतं. मले वाटलं, आता हात गेला. आता कायच्यासाठी ऱ्हायचं." मग वर उंबराकडे पाहून ते लहान मुलासारखं हसले. "हं. तू काय म्हनून राहिला होता?"

मी म्हणालो, "साखर बरोबर आहे का चहात?"

दारात उभ्या कुसुमने कपाळाला हात लावला. पण आत आल्यावर ती मला रागावली नाही. म्हणाली, राहू द्या, तो नारळ आपण नको पाडायला. मग मी बुधरामच्या शोधात निघालो आणि त्याला खरा नकाशा दाखवून गुपित सांगितलं. बुधरामने नकाशाकडे पाहिलंही नाही. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. उंबराची मुळं पाइपात शिरतात, हे त्याने डझनभर घरांत पाहिलं होतं. मग बोलला का नाहीस, मी विचारलं. तो म्हणाला, "तैं कहे ना साहब, नक्सा काबर होथे."

नकाशे कशासाठी असतात, हे मीच त्याला विचारलं होतं. मी सायकल घेऊन परत आलो.

रविवारी सकाळी उंबराखाली गर्दी झाली. आठ घरांची माणसं, त्यात राव सहकुटुंब, पांढरीशुभ्र लुंगी नेसून. बहुतेकांना खाली काय आहे ते बुधरामने सांगून ठेवलं होतं आणि काही बोलू नका असंही सांगितलं होतं. कुसुमने जमिनीला हळदकुंकू वाहिलं. (खाली काय आहे हे माहीत असून वाहिलं, तिच्या या पुण्याचा हिशेब वर कसा लावतील, मला अजून कळलेलं नाही.) बाबांनी नारळ तळहातावर घेतला, तो उभा राहिला, आणि बुधरामने कुदळ मारली.

दोन हातांवर मूळ लागलं, माझ्या मांडीएवढं. तीन हातांवर त्याला फाटे फुटले आणि ते सगळे एकाच दिशेने खाली गेले, तहानलेल्या गुरांसारखे. चार हातांवर कुदळ खणकन वाजली. भाजक्या मातीचा पाइप. त्याच्या जोडात बोटभर फट होती आणि मूळ त्या फटीतून आत गेलं होतं. बुधरामने जोड मोकळा केला, आत हात घातला आणि ओढायला लागला.

बाहेर आली ती वेणी. तांबूस केसांची, ओली, जाड, चकाकती वेणी. एक हात, दोन हात, पाच हात. बुधराम मागे मागे सरकत होता आणि वेणी संपत नव्हती. जशी जमिनीखाली कोणी बाई इतकी वर्षं केस वाढवत बसली होती. सगळे श्वास रोखून पाहत होते. (श्वास रोखायला दुसरंही कारण होतं.) मग टोक सुटलं आणि आतून एक हुंकार आला, आणि आठ घरांचं अडलेलं पाणी धो धो करत, उड्या मारत, उघड्या जोडातून आमच्या डोळ्यांसमोर वाहायला लागलं.

"लागलं!" बाबा म्हणाले.

राव तोंडाला लुंगीचं टोक लावून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. भक्तीचं की वासाचं, सांगता येणार नाही. बाबा खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले. पाण्याकडे वाकून पाहू लागले. नाक एकदा हललं. दोनदा हललं.

"दामू."

"हो, बाबा."

"हे पानी पिता येनार नाई."

"नाही, बाबा."

"पन हाय तं."

"आहे."

"वाहून राहिलं."

"वाहून राहिलं."

"चार हात सांगतलं होतं मी."

बुधराम खड्ड्यातच उभा होता. त्याने कुदळीचा दांडा उभा धरून माप घेतलं आणि वर पाहून म्हणाला, "चारेच हाथ हे, बबा."

बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले. धोतर झटकलं. चेहऱ्यावर गावाकडची ती जुनी ऐट हळूहळू चढली. "मंग गनपतले लिही," ते मला म्हणाले. "चार हातावर लागलं म्हून लिही. कायचं लागलं ते नको लिहू."

बुधरामला उंबर तोडायचा होता. पण उंबराला कुऱ्हाड लावायला गल्लीतलं एकही माणूस तयार होईना, तो स्वतःही होईना. शेवटी पाइपच उंबराला वळसा घालून नेला. नंतर सोमवारी मी साहेबांसमोर कागद उलटा पडल्याचं कबूल केलं. एकच कागद का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, त्या महिन्यातले बहुतेक सगळेच. भराव टाकताना मॅनहोलची झाकणंही मुरमाखाली गेलेली. बाकीच्या गल्ल्यांचे मूळ कागद सापडेनात, कोणती नक्कल सुलटी ते मलाही आठवेना, तेव्हा पाइप कुठे, ते आता कोणालाच सांगता येत नव्हतं. बाबांच्या विहिरीची गोष्ट साहेबांच्याही कानावर गेली होती. मग त्यांनी विचारलं, तुमच्या वडिलांना सध्या काही काम आहे का?

म्हणून पुढचा महिनाभर बाबा आमच्या भागातल्या गल्ल्यांतून नारळ घेऊन चालले. अनवाणी, डोळे अर्धवट मिटून. मागे बुधराम चुन्याच्या खुणा करत, त्याच्या मागे मी वही आणि टेप घेऊन. उन्हं कलती असायची. बायका दारांत येऊन उभ्या राहायच्या. नारळ उभा राहिला की खणायचं, आणि खाली झाकण. एकदाही चुकलं नाही. चालता चालता मी त्यांना विचारलं, नारळाला कसं कळतं?

"नारळाले काय कळते लेका? मी गवत पाहतो. जिथं हिरवं तिथं पानी."

"मग नारळ कशासाठी?"

"लोकं नारळाकडे पाहतात. तेवढा वेळ मले जमीन निवांत पाहता येते."

मी मान वर करून गल्लीकडे पाहिलं. लाल मुरमात, दर घरामागून, गवताची एक हिरवी सरळ रेघ गेली होती. दोन वर्षं मी रोज तिच्या शेजारून सायकल चालवत होतो. स्वप्नं पाहत.

गणपतचं उत्तर आलं. त्याने मोठ्या आनंदाने लिहिलं होतं, बापू, तुझा हात जाईल असं मला कधी वाटलंच नव्हतं. माझ्या वावरात तो दगड होता, त्याला तू काय करणार. आणि खाली विचारलं होतं, पाण्याला चव कशी आहे? मी कार्ड वाचून बाबांकडे पाहिलं. ते उंबराखाली कुशीवर निजले होते, एक कान जमिनीकडे. तसेच निजून म्हणाले, "लिही, अजून कोनाची तक्रार नाई."

बाबांच्या खुणांवरून आमच्या भागाचा नकाशा मी नव्याने काढला. सरळ रेघांच्या त्या सगळ्या जाळ्यात एकच वळण आहे, आमच्या घरामागे, उंबराभोवती. तेवढ्यावर फुंकर घालताना मी जरा जास्त वेळ घेतला. मग कागद साहेबांपुढे ठेवला. 'तपासणारा' या चौकटीत सही करायला त्यांनी पेन उघडलं, आणि थांबून मला विचारलं, या वेळी कागद सुलटा आहे ना?

मी कागद उचलला. खिडकीतल्या उजेडासमोर धरून पुढून पाहिला, मागून पाहिला. दोन्हीकडून तो तितकाच सुंदर दिसत होता. आणि मी अगदी प्रामाणिकपणे म्हणालो, "साहेब, घरी नारळाला विचारून उद्या सांगतो."